गावातलं वाचनालय पुढची दहा वर्षं चालवायचं असेल तर: कामांचा क्रम

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. शासन त्यांना 'अ' ते 'ड' असे वर्ग देतं; त्यांतली बहुसंख्य 'क' आणि 'ड' या खालच्या दोन वर्गांतली. म्हणजे एक खोली, चार-सहा लोखंडी कपाटं, एक ग्रंथपाल आणि दारावर रंग उडालेली पाटी. रत्नागिरीचं १८२८ चं नगर वाचनालय, नाशिकचं १८४० चं सार्वजनिक वाचनालय, ठाण्याचं १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण पाच-सहा हजार वस्तीच्या गावातल्या 'ड' वर्ग वाचनालयाच्या सचिवाला त्यातून हाताला लागेल असं फार काही मिळत नाही. हा लेख त्या सचिवासाठी आणि त्याच्या कार्यकारी मंडळासाठी आहे.

ग्रंथालयांचं भवितव्य हा विषय निघाला की गाडी लगेच ई-बुक, ॲप, डिजिटल ग्रंथालय अशी धावू लागते. गावाकडची ओस पडलेली जी वाचनालयं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना मोबाइलच्या कितीतरी आधी दारावरचं कुलूप नडलं होतं. म्हणून खालच्या क्रमात तास आणि माणूस आधी येतात, पुस्तकं त्यानंतर आणि संगणक जवळजवळ शेवटी. कामं याच क्रमाने करा. उलट्या क्रमाने केलेली वाचनालयंही आहेत. तिथे संगणकावर अजून प्लास्टिकचं आवरण आहे.

१. एक महिना काहीही बदलू नका, फक्त मोजा

साधी शंभर पानी वही दाराशी ठेवा. आलेल्या माणसाची वेळ लिहा, तो पुरुष की बाई, अंदाजे वय किती आणि कशासाठी आला ते लिहा: वर्तमानपत्र, पुस्तक बदलणं, अभ्यास, की नुसतीच सावली. नाव लिहायची गरज नाही. ही वही तपासणीला दाखवायची नाही, हे ग्रंथपालाला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर ती सुद्धा हजेरीपटासारखी एका बैठकीत भरली जाईल. रजिस्टरं तपासणीच्या आदल्या आठवड्यात 'पूर्ण' करायची रीत किती गावांत आहे हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या मान्यता व वर्गवाढ थांबली, त्याचं मूळ याच सवयीत होतं. काही जणांच्या कागदी वाचनालयांची किंमत खरोखर चालणाऱ्यांनी मोजली.

त्याच महिन्यात देवघेव रजिस्टरवरून आणखी दोन आकडे काढा. गेल्या वर्षात घरी गेलेल्या एकूण पुस्तकांपैकी किती पुस्तकं मोजक्या दहा सभासदांनीच नेली? आणि गेल्या पाच वर्षांत एकदाही कपाटाबाहेर न आलेली पुस्तकं किती? दुसरा आकडा काढणं कटकटीचं आहे, पण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर कॉलेजातली दोन मुलं एका रविवारी कपाटं पालथी घालून तो काढून देतात.

महिनाअखेरीस वही समोर घेऊन बसा. सकाळी आठ ते दहा वर्तमानपत्रवाले ज्येष्ठ, दुपारी कुणीही नाही, संध्याकाळी पाचनंतर मुलं आणि समोर दाराला कुलूप, आणि बायका जवळपास नाहीतच, असं काहीसं चित्र निघण्याची शक्यता मोठी. पुढचे निर्णय मंडळातल्या कुणाच्या मतावर न घेता या वहीवर घ्या.

२. कागद सरळ करा

हे काम रुक्ष आहे, पण इथे अडलेलं वाचनालय पुढे सरकत नाही. बहुतेक वाचनालयं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी नोंदलेली असतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. गावोगावी होतं असं की जुने अध्यक्ष वारतात, नवे सर्वानुमते येतात, हार-तुरे होतात आणि कागदावर अध्यक्ष जुनेच राहतात. पुढे बँकेतल्या सह्या बदलायच्या वेळी किंवा दोन गटांत वाद झाला की दहा-पंधरा वर्षांचा गुंता एकदम समोर येतो. तुमच्या शेवटच्या मंजूर चेंज रिपोर्टवर कुणाची नावं आहेत ते आजच बघा.

दुसरा कागद जागेचा. खोली ग्रामपंचायतीची आहे, देवस्थानाची आहे, की कुणा दानशूराच्या वाड्याचा ओटा आहे? ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून मालक म्हणून कोणाचं नाव लागलंय ते पाहा. तोंडी शब्दावर मिळालेली जागा देणाऱ्याच्या हयातीत सुरक्षित असते, त्याच्या मुलांच्या वाटणीत नाही. निदान काही वर्षांचा लेखी आणि नोंदणीकृत करार करून घ्या. लेखापरीक्षण, वार्षिक सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि वार्षिक अहवाल वेळेवर जातात का, हेही याच बैठकीत तपासून घ्या.

३. तास आणि माणूस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी पैशाचं चित्र समजून घेऊ. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार आपली व्यवस्था अनुदानावर चालते. कर्नाटक किंवा तमिळनाडूसारखा मालमत्ता करासोबत वसूल होणारा ग्रंथालय उपकर आपल्याकडे नाही. २०२२-२३ पासून अनुदानात ६० टक्के वाढ झाली, त्यानंतर 'ड' वर्गाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. महिन्याला चार हजार रुपये. साधारण निम्मं वेतनावर आणि निम्मं बाकी खर्चावर अशी विभागणी असते, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार. रोज चार तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर तासाला वीस रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात कुणी मन लावून वाचनालय चालवावं अशी अपेक्षा ठेवायची आणि वर 'आजकाल कुणाला वाचनाची आवड नाही' म्हणायचं, हे मला पटत नाही.

म्हणून पहिलं उद्दिष्ट हे ठेवा: अनुदानाबाहेर महिन्याला आणखी चार हजार रुपये, आणि ते सगळेच्या सगळे ग्रंथपालाच्या मानधनासाठी. वर्षाचे झाले ४८ हजार. १६० घरांनी वर्षाला ३०० रुपये दिले की ही रक्कम जमते. सहा हजार वस्तीच्या गावात बाराशे-तेराशे घरं असतात. त्यांतलं आठातलं एक घर धरायचं. देवळाच्या जीर्णोद्धाराला आणि गणेशोत्सवाला याहून कितीतरी पट वर्गणी याच घरांतून निघते. फरक एवढाच की तिथे मागणारे दारोदार फिरतात आणि वाचनालयाचं मंडळ खुर्चीत बसून राहतं.

मागताना 'वाचनसंस्कृतीसाठी' असं म्हणू नका. त्या शब्दाने कुणाचा हात खिशाकडे जात नाही. 'वाचनालय आता रोज संध्याकाळी पाच ते आठ आणि रविवारी दिवसभर उघडं राहणार आहे, त्यासाठी माणूस ठेवतोय' असं सांगा. ज्यांना देता येईल त्यांच्याकडून वर्षाचे एकदम घ्या. दरमहा वसुलीच्या पावत्या फाडण्यात उत्साह संपतो.

वेळ ठरवताना मोजणीची वही समोर ठेवा. सकाळी वर्तमानपत्रांसाठी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास ही विभागणी बहुतेक गावांत बसते. दुपारची वेळ सोडून द्या. साप्ताहिक सुट्टी रविवारी ठेवण्याची सरकारी कार्यालयाची नक्कल आधी बंद करा. शाळकरी मुलं आणि नोकरदार मोकळे असतात तो एकच दिवस. आठवडे बाजाराच्या दिवशी मात्र दिवसभर उघडं ठेवा, कारण त्या दिवशी वाड्या-वस्त्यांवरची माणसं गावात येतात. पुस्तक बदलायला त्यांना वेगळी खेप पडत नाही. आणि एकदा लावलेली वेळ मोडू नका. लग्न असो, निवडणूक असो, ग्रंथपाल आजारी असो, बदली माणूस ठरलेला हवा. दोनदा कुलूप बघून परतलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही.

आता माणूस कसा निवडायचा? अध्यक्षांचा पुतण्या हा निकष बाजूला ठेवा. गावात बारावी किंवा पदवी झालेल्या, घर सांभाळून चार-पाच तासांचं काम शोधणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांच्यातली एक ग्रंथपाल झाली की वर्षभरात बायका आणि मुली वाचनालयाची पायरी चढू लागतात, हे मी एकाहून अधिक गावांत पाहिलंय. जिल्हा ग्रंथालय संघामार्फत चालणारा ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र वर्ग तिला करायला लावा, फी मंडळाने भरावी. वर्गीकरण आणि नोंदी तिथे शिकवल्या जातात. माणसांशी कसं बोलायचं हे मात्र तिचं तिला येत असलं पाहिजे. निवडीच्या वेळी मी एकच गोष्ट तपासेन: समोर आलेल्या अनोळखी मुलाला ती 'काय पाहिजे?' असं विचारते, की 'गेल्या वेळी काय वाचलंस?' असं.

४. कपाटं हलकी करा

पाच वर्षांत न हललेल्या पुस्तकांचा आकडा तुमच्याकडे आहे. जुन्या वाचनालयात तो निम्म्याहून जास्त निघाला तरी दचकू नका. १९९० च्या दशकातली संगणक-परिचयाची पुस्तकं, रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची गाइडं, एकाच कादंबरीच्या पाच प्रती, कुणीतरी घर रिकामं करताना आणून टाकलेली पोती. या गर्दीत चांगली पुस्तकं बुडालेली असतात. जी प्रत वाचकाला सापडत नाही ती असून नसल्यासारखी.

पुस्तकं बाद करण्याला, म्हणजे निर्लेखनाला, नियम आहेत. दाखल क्रमांकासह (पुस्तक वाचनालयात येताना नोंदवहीत पडलेला क्रमांक) यादी, ग्रंथ निवडीत भाग घेणाऱ्या दोघा-तिघांची सही, कार्यकारी मंडळाचा ठराव, आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला विचारून त्यांच्या पद्धतीप्रमाणे पुढची कार्यवाही. मान्यतेसाठी लागणारी किमान ग्रंथसंख्या खाली जात नाही ना, ते आधी पाहा. गुपचूप रद्दीत घालू नका. उद्या लेखापरीक्षणात तीच पुस्तकं 'गहाळ' ठरतात.

पण काय काढायचं नाही, याची यादी त्याहून महत्त्वाची. गावाबद्दल किंवा तालुक्याबद्दलचं काहीही: शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, सहकारी सोसायटीचे जुने अहवाल, स्थानिक कवीने पदरमोड करून छापलेला संग्रह, ग्रामदैवताच्या यात्रेची पत्रकं. यांच्या दुसऱ्या प्रती पुण्या-मुंबईतही मिळणार नाहीत. स्वातंत्र्यापूर्वी छापलेलं मराठी पुस्तक दिसलं की थांबा, एखाद्या मोठ्या ग्रंथसंग्रहालयाला विचारा, मगच ठरवा. जुन्या दिवाळी अंकांचे सलग संच असतील तर तेही ठेवा.

उरलेली पुस्तकं लावताना रॅक भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, म्हणजे ओल आणि वाळवी यांचा संसर्ग कमी होतो. कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढून उन्हात, पण थेट रणरणत्या उन्हात नव्हे, पसरा. नदीकाठच्या गावांनी सर्वांत खालचा कप्पा रिकामाच ठेवावा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचं आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. दुर्मीळ पुस्तकं आणि दाखल नोंदवही यांची जागा वरच्या मजल्यावर, तो नसेल तर सर्वांत वरच्या कप्प्यात.

कपाटांची कुलपंही काढा. काचेआडच्या पुस्तकांतून यादी बघून मागायची पद्धत ही मुलांना आणि नव्या वाचकांना हाकलण्याची सर्वांत सोपी तऱ्हा आहे. चार पुस्तकं चोरीला जातील. जाऊ द्यात.

५. खरेदी: मार्चमधली घाई थांबवा

अनुदानाचे हप्ते उशिरा येतात आणि मग ३१ मार्चच्या आत खर्च दाखवण्यासाठी एकाच विक्रेत्याकडून एकगठ्ठा खरेदी होते. छापील किमतीवर भरघोस सूट, आणि गठ्ठ्यात अशी पुस्तकं जी फक्त ग्रंथालयांना विकण्यासाठीच छापलेली असतात. वाचकाने ती कधी मागितलेली नसतात. यावर उपाय म्हणजे वर्षभर चालणारी मागणी वही. वाचकाने पुस्तकाचं नाव लिहायचं, नाव ठाऊक नसेल तर विषय लिहायचा: 'डाळिंबावरचा तेल्या रोग', 'शिवणकाम', 'भुताच्या गोष्टी'. हप्ता येईल तेव्हा यादी तयार असते आणि विक्रेत्याला 'हीच द्या' म्हणता येतं. मागितलेलं पुस्तक आलं की त्या माणसाला फोन करून सांगायचं. या एका फोनने जेवढे सभासद टिकतात तेवढे कुठल्याही मेळाव्याने टिकत नाहीत.

कमी पैशात चांगली पुस्तकं हवीत तर नॅशनल बुक ट्रस्ट, साहित्य अकादमी आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या याद्या मागवा. शेतीसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची दरवर्षीची कृषिदर्शनी ठेवा, ती झिजेपर्यंत वापरली जाते. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या साहाय्याने ग्रंथालयांना ग्रंथ, साधनसामग्री आणि इमारतीसाठी मदत करतं. त्यांच्या समान निधी (राज्यही आपला वाटा घालतं) आणि असमान निधी (सगळे पैसे प्रतिष्ठानचे) अशा दोन तऱ्हेच्या योजना आहेत. अर्ज कधी मागवले जातात ते जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात आधीच विचारून ठेवा, कारण बातमी गावात पोचते तेव्हा मुदत संपलेली असते.

दिवाळी अंक हा मराठी वाचनालयांचा हक्काचा हंगाम आहे. वेगळी वर्गणी घेऊन दिवाळीपासून होळीपर्यंत अंकांची साखळी चालवा. अंक पातळ, बदलायचा वेग जास्त, एकाच घरात तिघंजण वाचतात. एरवी वर्षभर न फिरकणारी माणसं या योजनेत येतात आणि त्यांतली काही टिकतात.

दान म्हणून येणाऱ्या जुन्या पुस्तकांना सरसकट हो म्हणू नका. 'आम्ही पाहून निवडू, उरलेली परत देऊ' हे आधीच सांगायचं. परदेशातले किंवा मुंबईतले गावकरी पुस्तकांचे खोके पाठवतो म्हणाले तर त्याऐवजी मागणी वहीची यादी पाठवा आणि त्यातली दहा पुस्तकं घेऊन द्या म्हणा.

६. शाळेत पेटी, शनिवारी गोष्ट

दहा वर्षांनी तुमचे सभासद कोण असतील? आज जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीत असलेली मुलं. ती आपण होऊन येतील अशी वाट बघू नका. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, तेव्हा खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या हा त्याचा एक भाग होता. आजही ती युक्ती तितकीच चालते. झाकणाची एक प्लास्टिकची पेटी, त्यात तीस-चाळीस पुस्तकं, महिनाभर एका शाळेत किंवा वस्तीशाळेत, मग पुढच्या. चित्रांची पुस्तकं जास्त, उपदेशाची कमी. पेटी शिक्षकांच्या कपाटात बंद राहणार नाही एवढं मुख्याध्यापकांकडून कबूल करून घ्या. नोंद मुलांनीच करायची, चौथीतली मुलगी रजिस्टर उत्तम सांभाळते.

वाचनालयात मुलांकडून अनामत घेऊ नका, वर्गणीही नको. पालकाच्या सहीचा एक कागद पुरे. पुस्तक फाटलं तर दंड नाही. चिकटपट्टी आणि कात्री टेबलावर ठेवा आणि त्यालाच दुरुस्त करायला बसवा. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतला पहिलाच नियम. तो भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो आणि खाली कपाटाला कुलूप.

शनिवारी दुपारी तासभर गोष्ट. सांगणारा दर वेळी वेगळा: आजी, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, गावातली परिचारिका, भजनी मंडळातला कुणी. पुस्तकातून वाचून दाखवायची, म्हणजे गोष्ट संपल्यावर मुलं ते पुस्तक मागतात. स्पर्धा, निबंध, बक्षीस समारंभ यांचा सोस नको. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून आलेल्या भाचरांनाही तात्पुरतं सभासद करून घ्या.

७. अभ्यासिका हवी, पण सगळी खोली तिची नको

स्पर्धा परीक्षेची मुलं हा आज गावातल्या वाचनालयांना मिळणारा सर्वांत मोठा आणि नियमित वर्ग आहे. त्यांना शांत जागा, पंखा आणि उजेड हवा असतो. घरी तो मिळत नाही. त्यांच्यासाठी सोय नक्की करा. पण माझा एक ठाम आग्रह आहे: अभ्यासिकेचं टेबल वेगळं, वेळ वेगळी, फी वेगळी आणि हिशेबही वेगळा. नाहीतर सहा महिन्यांत अशी वेळ येते की मुलांच्या गोष्टीला 'शांतता राखा' म्हणून हटकलं जातं, ज्येष्ठांना वर्तमानपत्राचं पान उलटायची भीती वाटते, आणि खोलीत कपाटं फक्त भिंती झाकायला उरतात.

पहाटे पाच ते आठ आणि रात्री आठ ते अकरा या वेळा अभ्यासिकेला द्या. किल्ली त्या मुलांपैकीच एकाकडे, आळीपाळीने. मुलींसाठी सकाळचा आणि संध्याकाळचा वेळ राखून ठेवा आणि त्या वेळेत ग्रंथपाल हजर असलीच पाहिजे. स्वच्छतागृह नसेल तर मुली येणार नाहीत. संगणकासाठी देणगीदार शोधत असाल तर आधी स्वच्छतागृहासाठी शोधा.

८. वाड्या-वस्त्यांपर्यंत

यात फार काही अवघड नाही. दूध संकलन केंद्रावर माणसं सकाळ-संध्याकाळ येतातच. तिथे एक कप्पा मागून घ्या, वस्तीवरच्या सभासदांची पुस्तकं नावाच्या चिठ्ठीसह तिथे ठेवा आणि परत आलेली तिथूनच उचला. ज्यांना चालवत नाही अशा ज्येष्ठांना पंधरा दिवसांतून एकदा घरपोच. अंगणवाडी सेविका किंवा बचत गटातली कुणी तयार असेल तर तिच्याकडे दहा पुस्तकं कायमची फिरती ठेवा.

९. आता संगणक

इथपर्यंतची कामं निम्मी जरी झाली असतील तर संगणकाचा उपयोग आहे. पहिल्या वर्षी कुठलीही आज्ञावली (सॉफ्टवेअर) घेऊ नका. एक्सेलसारख्या साध्या तक्त्यात युनिकोड मराठीत पुस्तकांची यादी करा: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय, कपाट. लेखकाचं नाव आडनावाने सुरू करायचं की पहिल्या नावाने, हे आधी ठरवा आणि मग बदलू नका. शोधताना अर्ध्या अडचणी तिथेच येतात. यादी नीट झाली की ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय या प्रणालीत किंवा मुक्त स्रोतातल्या कोहा या ग्रंथालय आज्ञावलीत घालता येते. दोन्हींना परवान्याचे पैसे पडत नाहीत. पण पाच हजार पुस्तकांच्या वाचनालयाला तक्ता आणि व्हॉट्सॲपवरचा सभासदांचा गट एवढ्यावरही पुष्कळ दिवस भागतं. नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो गटावर टाका, शुभेच्छांचे संदेश मात्र सक्तीने बंद.

मोफत मराठी साहित्य जालावर बरंच आहे आणि गावात त्याची फारशी कुणाला कल्पना नसते. मराठी विश्वकोश, विकिस्रोत, साहित्य आणि संस्कृती मंडळाची उतरवून घेता येणारी पुस्तकं, १९७१ पासूनचे 'किशोर'चे जुने अंक, पाठ्यपुस्तकं. ग्रंथपालाने यांची एक पानभर यादी करून दाराशी लावावी आणि विचारणाऱ्याला मोबाइलवर उघडून द्यावी. हेच तुमचं डिजिटल ग्रंथालय.

ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम वाचनालयाने करावं का? शिष्यवृत्तीचा अर्ज अडलेल्या मुलाला मदत जरूर करा, पण आठवड्यातून एक ठरलेला तास. रोजचं झालं की वाचनालयाचं सेवा केंद्र होतं आणि ग्रंथपालाला छपाईयंत्राशेजारून हलता येत नाही.

आणखी एक काम संगणकाने स्वस्त केलंय: गावाची स्मृती जपणं. घरोघरचे जुने फोटो, यात्रेची पत्रकं, गावच्या तमाशाचे किंवा नाटक मंडळीचे हस्तलिखित खेळ, आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण. मोबाइलने टिपा, मूळ वस्तू त्याच दिवशी परत करा, आणि फोटोतली माणसं कोण आहेत ते सांगणारं कुणी हयात आहे तोवर नावं लिहून घ्या. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा. हा साठा दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालयाकडे नसेल.

१०. उरलेले पैसे आणि मंडळ

वीजबिल आणि इमारतीची डागडुजी ग्रामपंचायतीकडे मागा. त्यासाठी ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होताना ग्रामसभेत ठराव यायला हवा. नंतर सरपंचांना घरी जाऊन भेटण्यात फारसा अर्थ नसतो. ग्रामसभेला वाचनालयाचे वाचक आले तर ठराव होतो, फक्त सचिव आला तर 'पुढच्या वेळी बघू' होतं. कोकणातल्या गावांना मुंबईकर मंडळांचा आधार असतो; त्यांच्याकडे वार्षिक सभेच्या वेळी गेल्या वर्षाची मोजणी घेऊन जा. देणगीवर आयकर सवलत देता येईल अशी नोंदणी संस्थेने करून घेतली की मोठ्या रकमा मागणं सोपं होतं.

मंडळात तिशीच्या आतले दोघं आणि निदान दोन स्त्रिया आणा, आणि त्यांना 'सदस्य' म्हणून कोपऱ्यात न बसवता खरेदी आणि वेळापत्रक त्यांच्याकडे सोपवा. ज्येष्ठांनी कागद आणि वर्गणी सांभाळावी. त्यांच्या शब्दाला गावात वजन असतं, ते तिथे वापरावं.

११. चालवणं शक्यच नसेल तर

याबद्दल कुणी बोलत नाही. एका गावात तीन-तीन वाचनालयं कागदावर आहेत आणि तिन्ही धड उघडत नाहीत, अशी स्थिती असेल तर एकत्र या. प्रत्येकाच्या मंडळाला आपली पाटी प्रिय असते, म्हणून आधी फक्त वेळ वाटून घ्या: एकाने सकाळ, दुसऱ्याने संध्याकाळ, पुस्तकं कुठूनही बदला. वर्षभर हे जमलं तर विलीनीकरणाची बोलणी सोपी जातात, नाही जमलं तरी वाचकाचं नुकसान होत नाही. विलीनीकरणाने अनुदानावर आणि वर्गावर काय परिणाम होईल ते ठराव करण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

आणि खरोखरच कुणी उरलं नसेल, तर रीतसर बंद करा. संस्था विसर्जित झाली तरी तिची मालमत्ता सभासदांना आपसात वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडेच जावी लागते. ती कोणाकडे जाणार हे मंडळाचा कोरम भरतोय तोवर ठरवा. शेजारच्या गावचं चालतं वाचनालय किंवा हायस्कूलचं ग्रंथालय हा चांगला पर्याय. स्थानिक साहित्य तालुक्याच्या 'अ' किंवा 'ब' वर्ग ग्रंथालयाला द्या, दाखल नोंदवहीची छायाप्रत सोबत द्या, आणि कोणतं पुस्तक कुठे गेलं याची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी गावात कुणी नव्याने सुरुवात करायची म्हणालं तर त्याला विचारायला कुठे जायचं ते कळेल.